लादलेले अनवाणीपण, निवडलेले अनवाणीपण

इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. पायातल्या वहाणेला इतिहास असतो हे सांगितले तर विद्वानांना ते हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या समाजात कोणी कोणत्या रस्त्याने जावे, काय ल्यावे, कोणत्या भांड्यात जेवावे हे जन्माने ठरत होते, त्या समाजात कोणाच्या पायात काय असावे हेही जन्मानेच ठरत होते. म्हणून वहाणेचा इतिहास हा सत्तेचा इतिहास आहे. तो लिहिण्याचे कारण आज पुन्हा निर्माण झाले आहे, कारण 'अनवाणी' हा शब्द अलीकडे बाजारात मोठ्या प्रतिष्ठेने परत आला आहे.

गेल्या वीसेक वर्षांत पाश्चात्त्य देशांत 'बेअरफूट शूज' नावाचा पादत्राणांचा एक प्रकार रूढ झाला. तळ अवघा काही मिलिमीटर जाडीचा, टाच आणि चवडा एकाच पातळीवर, बोटांना पसरायला मोकळी जागा, कमानीला आधार नाही, आणि बूट हातात धरून गुंडाळता येईल इतका लवचीक. चालताना, डोंगर चढताना, व्यायाम करताना पायाला जमीन कळावी हा त्यामागचा विचार आहे. इटलीच्या व्हिब्रम कंपनीने २००५ च्या सुमारास पाचही बोटे वेगळी असलेला बूट बाजारात आणला. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचे 'बॉर्न टु रन' हे पुस्तक आले आणि मेक्सिकोतील रारामुरी आदिवासी पातळ चपलांवर मैलोगणती धावतात ही गोष्ट जगभर पोचली. आता हे जोडे नागपूर-वर्ध्याकडच्या शहरी तरुणांच्या पायांतही दिसू लागले आहेत. त्यांची किंमत काही हजार रुपये असते.

अनवाणी चालण्यासाठी हजारो रुपये मोजणारा माणूस आणि वहाण घातली म्हणून मार खाणारा माणूस हे दोघे एकाच देशाच्या इतिहासात आहेत. या दोघांमधले अंतर मोजणे हा या लेखाचा हेतू आहे.

१

सुरुवात शास्त्रापासून केली पाहिजे, कारण आपल्याकडे अन्यायालाही शास्त्राधार लागतो. गौतम धर्मसूत्रात सेवा करणाऱ्या शूद्राने वरच्या वर्णांची जुनी झालेली पादत्राणे, छत्र्या आणि वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकाला मात्र उलट आज्ञा आहे : दुसऱ्याने वापरलेली पादत्राणे आणि वस्त्रे त्याने घालू नयेत. ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे वर्णव्यवस्थेचे अर्थशास्त्र एका जोड्यात उलगडते. एकाचे टाकून दिलेले ते दुसऱ्याचे विहित. आणि जो वर्णांच्याही बाहेर, गावाच्याही बाहेर, त्याच्या वाट्याला ते टाकून दिलेलेही निश्चितपणे येईल असे नव्हते.

पेशवाईत पुण्यामध्ये अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून आपल्या पाऊलखुणा पुसत चालावे, हा दंडक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात नोंदवला आहे. येथे पाय आणि पायाखालची धूळ ही दोन्ही विटाळाची साधने ठरली. माणूस निघून गेला तरी त्याचा पाय जमिनीवर उरतो, म्हणून तो पुसला पाहिजे, असे हे तर्कशास्त्र होते.

ही फार जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण आहे. १९३० च्या डिसेंबरात मद्रास इलाख्यातील रामनाड जिल्ह्यात कळ्ळर जातीने आदि-द्रविडांवर आठ बंदी घातल्या. दागिने नकोत, सदरा नको, मातीखेरीज इतर भांडे नको. आणि आठवी बंदी अशी की, उन्हापावसात छत्री धरू नये व पायात वहाण घालू नये. याच वर्षी देशात मिठाचा सत्याग्रह चालू होता. स्वराज्याची पावले दांडीकडे पडत असताना रामनाडचे पाय उघडे राहावेत याची तजवीज तेथील लोकच करीत होते.

आपल्या गावगाड्यात अशी बंदी लिहून ठेवण्याची गरजच नव्हती. वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या हा रिवाज सर्वांना पाठ होता. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मराठी माणूस आजही सहज वापरतो. ती वहाणेविषयी नाही हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. ती स्त्रीविषयी आणि आपल्याविषयी आहे. भाषेने वहाणेला सर्वांत खालची जागा दिली, आणि ज्याला ती घालण्याची मुभा नव्हती त्यालाच वहाणेची उपमा दिली.

यातली खरी विसंगती उत्पादनाच्या ठिकाणी दिसते. मेलेले जनावर ओढून नेणारा, त्याचे कातडे सोलणारा, ते चुन्यात भिजवून बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावणारा, आणि त्याचा जोडा शिवणारा ही सगळी माणसे गावकुसाबाहेरची किंवा गावाच्या कडेची. महार, मांग, ढोर, चांभार यांच्या हातांतून गेल्याशिवाय गावाच्या पायात वहाण येत नव्हती. ज्याच्या हाताचा विटाळ, त्याच्या हातची वस्तू मात्र पायात चालत होती. ती वस्तू ज्याने केली त्याचा पाय उघडा.

२

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा झाला. हा मुलूख मध्य प्रांतातला. येथे मालगुजारी होती. मुंबई इलाख्यात जे महार वतन म्हणून ओळखले जाते त्याचे येथील रूप म्हणजे कोतवालकी आणि वेठ. सरकारी निरोप पोचवणे, साहेबाला वाट दाखवणे, मालगुजाराचे ओझे वाहणे, या सर्व कामांत एक गोष्ट समान होती : ती पायांची कामे होती. ज्या समाजाने सर्वांत जास्त चालायचे त्याच्या पायांत सर्वांत कमी असायचे. मालगुजारी १९५१ मध्ये कायद्याने संपली. वाडे मात्र उभे राहिले, आणि वाड्यांसमोरचा रिवाजही बराच काळ उभा राहिला.

या साखळीला पहिला धक्का लष्कराच्या बुटाने दिला. मुंबईच्या फौजेत महार शिपाई होते, आणि निवृत्त शिपायांच्या घरांतूनच आपल्या चळवळीचे आरंभीचे कार्यकर्ते निघाले. बुटाने पाय झाकला एवढेच त्याचे कार्य नव्हते. सरकारी बूट घातलेल्या माणसाला तो काढ म्हणण्याची गावाची छाती होत नव्हती.

परंतु बुटानेही जात झाकली जात नाही, हे दाखवणारा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ साली ते आणि त्यांची भावंडे वडिलांना भेटायला निघाली. प्रवासासाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे आणि नवे जोडे घेतले होते. मसूर स्टेशनावर त्यांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरला ही ब्राह्मणांची मुले वाटली. महार असल्याचे कळताच तो पाच पावले मागे सरकला. नऊ वर्षांच्या मुलाच्या पायातल्या नव्या जोड्याने त्याला क्षणभर माणूस केले, आणि एका शब्दाने ते काढून घेतले गेले. पुढे आयुष्यभर सूट-बुटात वावरलेल्या या माणसाच्या पोशाखावर टीका करणाऱ्यांनी हा प्रसंग आधी वाचावा.

दुसरा धक्का गिरणीने दिला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे आपल्या जिल्ह्यात हिंगणघाट आणि पुलगाव येथे गिरण्या आल्या. बलुत्यात मिळणारे धान्य मालकाच्या मर्जीचे होते. गिरणीचा पगार रोख होता. रोख पैशाने बाजारातून वहाण विकत घेता येते, आणि विकत घेतलेल्या वहाणेसाठी कोणाला जोहार घालावा लागत नाही.

३

वर्ध्यात हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. कातड्याच्या कामाला प्रतिष्ठा देण्याचा देशातला एक गाजलेला प्रयोग याच मातीत झाला.

गांधीजींचा वहाणेशी संबंध दक्षिण आफ्रिकेतला. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात वहाणा करण्याची कला शिकून घेतली आणि १९१० मध्ये सुरू झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर ती इतरांना शिकवली. गांधीजींनी स्वतः केलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला. १९३९ मध्ये गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त स्मट्स यांनी तो परत पाठवला. जन्माने वाणी असलेल्या माणसाने चांभारकाम करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

१९३४ च्या सप्टेंबरात गांधीजींनी 'हरिजन' पत्रात खेड्यातील चर्मोद्योगावर लेख लिहिला. दरवर्षी सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते आणि त्यातले बरेच तयार माल होऊन परत येते, असा अंदाज त्यांनी त्यात दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. वर्ध्याजवळच्या नालवाडीत चर्मालय उभे राहिले. गोपाळराव वाळुंजकरांनी ते सांभाळले. कत्तल केलेल्या जनावराचे कातडे घ्यायचे नाही, फक्त नैसर्गिक मरणाने मेलेल्या गुराचेच घ्यायचे, हा तेथला नियम होता. तेथल्या चपला घालणे हे गांधीवादी कार्यकर्त्याचे व्रत झाले.

या प्रयोगाचे मूल्यमापन आपण आपल्या बाजूने केले पाहिजे. कातडे कमावण्याची पद्धत सुधारली, कामगाराला पैसा मिळाला, आणि सवर्ण तरुणांनी कातड्याला हात लावला, हे त्याचे यश. त्याची मर्यादा यापेक्षा खोल आहे. सवर्ण तरुण चर्मालयात आला तो निवडीने आला. कंटाळला तर घरी जाऊ शकत होता. चांभाराचा मुलगा तेथे आला तो जन्माने आला. एकाच चुन्याच्या टाकीत दोघांचे हात बुडाले तरी ती दोन वेगळी कामे होती. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला राहायला आले. त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' प्रसिद्ध केले आणि जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे असे मांडले. धंद्याला प्रतिष्ठा द्या, असे सेगाव सांगत होते. धंदा सोडण्याचे स्वातंत्र्य द्या, असे बाबासाहेब सांगत होते. महाडला १९२७ मध्ये त्यांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला, त्यामागे हाच विचार होता.

अनवाणीपणाबाबतही हाच फरक दिसतो. १९४७ च्या जानेवारीपासून गांधीजी नोआखालीच्या दंगलग्रस्त खेड्यांतून अनवाणी फिरले. सत्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या त्या पायांतील करुणा खोटी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तथापि त्यांनी वहाणा उतरवल्या म्हणून ते तप झाले. ज्याच्या पायात कधी वहाण नव्हतीच त्याने काय उतरवावे? त्याग करण्यासाठीही आधी मालकी लागते. आपल्या वाडवडिलांच्या अनवाणीपणाला कोणी तप म्हटले नाही, कारण त्यात सोडण्यासारखे काही नव्हते.

४

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली. आपल्या जिल्ह्यातून लोक रेल्वेने, बैलबंडीने आणि पायी गेले. माझे आजोबा देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातून पायी गेले होते. आजी सांगत असे, "जाताना वाड्यासमोरून वाहाना हातात घेऊनच गेला तुया आजा. येताना पायात व्हत्या. लोकं म्हने, काढ. तं म्हने, आता कोनासाठी काढू?" त्या दिवशी कोणी मारले नाही. पुढच्या महिन्यात शेतावरचे काम मात्र मिळाले नाही. हे दोन्ही एकत्र सांगितले पाहिजे. पहिलेच सांगितले तर ती गोष्ट होते, दुसरे जोडले म्हणजे इतिहास होतो.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला नागपुरात केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचा प्रश्न आवर्जून घेतला. कातडे, शिंगे, हाडे यांतून मिळणाऱ्या वार्षिक ५०० रुपयांच्या उत्पन्नाला आपले लोक मुकतात, असा हिशेब त्यांच्या विरोधकांनी मांडला होता. त्या हिशेबाचा त्यांनी समाचार घेतला. पैशाच्या बदल्यात माणूसपण विकत घेता येत नाही, हे दीक्षेनंतरच्या पहिल्याच दिवशी त्यांना सांगावेसे वाटले, याचे महत्त्व वहाणेचा इतिहास लिहिणाऱ्याला विसरता येणार नाही.

५

आता नव्या 'अनवाणी' जोड्यांकडे वळू. त्यांची केवळ थट्टा करणे सोपे आहे; पण थट्टेने विचार पुढे जात नाही. त्यांच्यामागच्या विज्ञानात तथ्य आहे.

१९९२ मध्ये राव आणि जोसेफ या मणिपालच्या दोन डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण ८.६ टक्के, तर न वापरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते अधिक होते. २०१० मध्ये डॅनियल लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, नेहमी अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाचेवर आदळणारा हादरा टाळतात. २०१९ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासातून असे दिसले की, घट्टे पडलेला तळवा जाड होतो, तरी त्याची स्पर्शसंवेदना कमी होत नाही. आपल्या आयाबहिणींच्या ज्या टाचांना शहरातले लोक राठ म्हणून हसतात, त्या टाचांची बाजू अखेर प्रयोगशाळेने घेतली.

दुसरी बाजूही आहे. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात दहा आठवड्यांत घाईने असे बूट स्वीकारणाऱ्या बऱ्याच धावपटूंच्या पायांच्या हाडांत सूज आढळली. व्हिब्रमवर आरोग्याचे अवाजवी दावे केल्याचा खटला झाला आणि २०१४ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी धावून मॅरॅथॉन जिंकला आणि १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून जिंकला. दोन्ही वेळी पाय त्याचाच होता.

मीही असा एक जोड घेऊन सेवाग्राम-पवनारच्या वाटेवर आणि बोर धरणाकडच्या टेकड्यांत चाललो. पहिले काही दिवस पोटऱ्या भरून आल्या. नंतर पाऊल आपोआप लहान आणि हलके पडू लागले, टाच आपटायची थांबली. गिट्टी कुठे, ढेकूळ कुठे, ओल कुठे हे डोळ्यांआधी तळव्याला कळू लागले. यात आनंद आहे, हे लपवण्याचे कारण नाही. मी जोड्याचे गुण घरी सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "येवढे पैसे देऊन अनवानीच फिराचं व्हतं, तं जोडे कायले घेतले बा?" तिने कापूस वेचण्यात आयुष्य काढले. पऱ्हाटीच्या धसकटांवर चाललेल्या पायाला 'जमीन कळणे' ही नवी जाणीव वाटत नाही.

आणि जमीन न कळणारे पायही याच जिल्ह्यात आहेत. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे केंद्रही वर्ध्यातच आहे. कुष्ठरोगात तळव्याची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय झिजतो. अशा पायाला औषधाइतकीच गरज मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलेची असते. तिला 'एमसीआर' चप्पल म्हणतात. शेतात अनवाणी राबणाऱ्याला अंकुशकृमी, सर्पदंश आणि काट्यातून शिरणारा मदुरा पाय यांचा धोका असतो. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. अंगावर आणि पायांत संरक्षण नसणे हे त्यातले एक कारण होते. उघडा पाय आरोग्याचा की रोगाचा, याचे उत्तर पायापेक्षा त्या पायाखालच्या जमिनीवर आणि त्या माणसाच्या कामावर अवलंबून आहे.

६

सपाट तळ, उंच टाच नाही, बोटे मोकळी : नव्या जोड्यांचे हे गुण आपल्या चर्मकाराच्या वहाणेत होतेच. परंतु त्या वहाणेचा शोध लावणाऱ्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील तशाच महामंडळाकडे संयुक्तपणे आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले आणि पुढे दोन्ही महामंडळांशी करारही केला. वर्तमानपत्रांनी हा महाराष्ट्राच्या अस्मितेचा अपमान म्हटला. अपमान झाला हे खरेच. पण ज्या महाराष्ट्राने त्या कारागिराला गावाच्या कडेला ठेवले, त्याला एकाएकी त्याच्या चपलेत आपली अस्मिता सापडली, याचीही नोंद व्हावी.

११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारण्यात आले. एका बाजूला कातडे सोलणे हे तुझे जन्मजात काम, दुसऱ्या बाजूला ते केलेस म्हणून मार. १९५६ च्या नागपूरच्या भाषणाचा अर्थ त्या दिवशी पुन्हा वाचावा लागला.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकरी-आदिवासींच्या सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. मुंबईकरांनी त्यांना चपला वाटल्या. ती माणुसकी होती. मात्र त्या पायांकडे पाहताना कोणालाही निरोगी 'नैसर्गिक चाल' आठवली नाही.

अनवाणी चालणे मुक्तीचे लक्षण व्हायचे असेल तर दाराशी वहाण असली पाहिजे, आणि ती घालून कोणत्याही वाड्यासमोरून जाता आले पाहिजे. या दोन अटी पूर्ण झाल्या की ज्याला हवे त्याने बूट घालावेत, ज्याला हवे त्याने उतरवावेत. आपल्या तरुणांनी पातळ तळाचे जोडे घालून डोंगर चढावेत. त्यात कसला कमीपणा नाही. मात्र फवारणी करणाऱ्या मजुराला गमबूट आणि बधिर पायाच्या रुग्णाला मऊ चप्पल मिळते की नाही, हे विचारण्याचे काम त्याच तरुणांचे आहे.

आणखी एक काम आपल्या महाविद्यालयांतून सहज होण्याजोगे आहे. वाड्यासमोर वहाणा हातात घेतलेल्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत. कोणत्या गावात, कोणत्या सालापर्यंत, कोणाच्या दारापुढे वहाणा काढाव्या लागत, आणि पहिल्यांदा कोणी काढल्या नाहीत, हे विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन लिहून घ्यावे. नालवाडीत कातडे कमावणाऱ्या हातांची नावेही याच रीतीने शोधावी लागतील. राजांच्या सनदा दप्तरखान्यात जपलेल्या आहेत. ही नोंद मात्र म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि त्यांच्याबरोबर जाणार आहे.